एका दमात

माझी लेक माझी कमी आणि तिच्या काकूची जास्त. शाळेतून आली की दप्तर माझ्या अंगावर आणि गप्पा वरच्या मजल्यावर, माझ्या धाकट्या जावेकडे. जाऊबाईंना म्हणे गोष्टी रंगवून सांगता येतात, मला नुसतं ‘हात धू’ म्हणता येतं. जळफळाट होतो माझा, आणि तो मी लपवतही नाही.

त्या दुपारी लेक खेळून आली तीच धापा टाकत. मी तिला ताठ बसवलं, दम्याचा निळा पंप नळीला जोडला, मास्क तोंडावर धरला. एक फवारा, सावकाश श्वास, मग पुढचा. हे मला झोपेतही येतं. हे शिकले तेव्हा काकू कुठे होती? पण या वेळी काही केल्या उतार पडेना.

मास्क बाजूला करून विचारलं, "बरं वाटतंय का गं?"

"काकू..."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इथे मी जिवाचा आटापिटा करतेय आणि बाईसाहेबांना काकू हवी! "काकू कामावर गेलीय. काय ते मला सांग."

"काकू..." पुन्हा तेच. पुढचा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडकला. तिचा सदरा वर झाला होता. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. ती काकूला हाक मारत नव्हती, तिला वाक्यच पुरं करता येत नव्हतं.

रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "एका दमात किती शब्द बोलते?"

"एकच." कुठला, ते मी सांगितलं नाही.

"गाडी निघाली. तिला बसवूनच ठेवा, फवारे चालू ठेवा."

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाफेतून औषध दिलं. नर्स पुन्हा पुन्हा छाती तपासून जात होती. संध्याकाळी श्वास जागेवर आला, तेव्हा लेकीने मास्क सरकवला.

"काकूला सांगू नकोस, म्हणत होते. ती लगेच रडते."

"आणि मी?"

"तू कुठे घाबरतेस?"

मी पलंगाची कड घट्ट धरली.

तेवढ्यात जाऊ धावत आली. मी तिला दाराबाहेरच थोपवलं. "रडायचं तर इथे रड. आत चालणार नाही."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. तिला ते जमत होतं, आणि मला पुन्हा तिचा हेवा वाटला.