ढोलावरचे वाटाणे

मित्रांनो, दवंडी देणारा मी एक जुना ढोल आहे. माझे अंग पितळेचे आहे; पण माझा जीव कातड्यात आहे, आणि ते कातडे एका बुडालेल्या वासराचे आहे.

तिसा नदीच्या काठी, तिसासेग गावात मी तयार झालो. त्या वसंतात पहाडांवरचे बर्फ वितळत असतानाच वरून पाऊस कोसळला आणि नदी बांध ओलांडून गावात आली. मार्तोन नावाचा तरुण आपले वासरू सोडवायला पाण्यात उतरला. पूर ओसरल्यावर वासरू काठच्या वाळुंजाच्या झाडांच्या फांद्यांत अडकलेले सापडले. मार्तोन सापडला नाही. गावाचा आधीचा ढोल वाहून गेला होता, म्हणून त्याच वासराचे कातडे कमावून माझ्यावर ताणले गेले. मार्तोनच्या बायकोला, बोर्बालाला, कोणी काही विचारले नाही.

दवंडीवाले गेर्गेयकाका मला गळ्यात अडकवून गल्लोगल्ली हिंडत. हरवलेले डुक्कर, बाजाराचा दिवस, नदीच्या पाण्याची खबर, सारे गावाला माझ्यामुळे कळे. लोक माझ्या खणखणीत आवाजाचे कौतुक करत. फक्त बांधालगतच्या एका घराच्या खिडक्या मी जवळ आलो की बंद होत. ते बोर्बालाचे घर होते.

हवेत ओल भरली की माझे कातडे सैल पडे आणि आवाज हंबरल्यासारखा निघे. "वासरू रडतंय!" असे ओरडत मुले मागे धावत. काका हसत. मला मात्र हसू येत नसे, कारण तो आवाज माझा नव्हता.

नदी चढली की मला दुसरे काम असे. बांधाचा राखणदार आम्ब्रुश मला बांधाच्या गावाकडच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवी आणि माझ्यावर मूठभर वाळके वाटाणे टाकी. बांधाखालून पाणी वाट काढू लागले की जमीन थरथरते. माणसाच्या पायांना ते कळत नाही, वाटाण्यांना कळते. असे पाणी पुढे कुठेतरी वाळू घेऊन वर उसळते. त्या उमाळ्याला बुजवायचे नसते. त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचायचे आणि आत पाणी चढू द्यायचे. मग त्या पाण्याचे वजनच खालच्या पाण्याला थोपवून धरते. बुजवलेला उमाळा मात्र बांध आतून पोखरत जातो.

काही वर्षांनी तसाच वसंत पुन्हा आला. पहाडांवर तसेच बर्फ, त्यावर तसाच पाऊस. गाव जागे राहून बांधावर पोती रचत होते. अखेर एका सकाळी काकांनी मला बडवत दवंडी दिली, "ऐका हो ऐका! वरच्या अंगाला पाणी उतरू लागलंय!" लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. आलुबुखाराच्या दारूच्या बाटल्या उघडल्या. पण माझे कातडे ओलेच होते, आणि आत कोणीतरी हंबरत होते.

"नदी उतरली म्हणून बांध सुकला का?" आम्ब्रुश म्हणाला आणि मला घेऊन पायथ्यापायथ्याने निघाला. काका कुरकुरत मागे आले. बोर्बालाच्या कुंपणाशी मला जमिनीवर टेकवताच वाटाणे उड्या मारू लागले.

ती दारातच उभी होती.

"बोर्बाला, घरात काय चाललंय?" आम्ब्रुशने विचारले.

"विधवेच्या घरात काय चालणार? बँड वाजतोय होय?"

"हे बघ, वाटाणे नाचताहेत."

"मग पाजा त्यांना घोटभर! सगळा गाव पितोय, त्यांनीच काय घोडं मारलंय?"

काका आम्ब्रुशची बाही ओढू लागले. "चल बाबा. आत्ताच सगळं ठीक आहे म्हणून बोंबललोय मी. आता उलटं काय सांगू? लोक मलाच नदीत टाकतील."

आम्ब्रुशने बाही सोडवून घेतली. मला छातीशी धरून तो आतल्या खोलीत गेला.

त्या खोलीत बोर्बालाचा लग्नाचा पलंग होता. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यावर छताला टेकतील इतक्या पिसांच्या उशा रचलेल्या असत. आज पलंग उघडा होता. साऱ्या उशा जमिनीवर एका ढिगात दाबून ठेवल्या होत्या, आणि त्यांवर फळ्या व जात्याचा दगड. तो ढीग हळूच फुगत होता आणि हळूच खाली बसत होता. कोणी झोपेत श्वास घ्यावा, तसा.

काका उंबऱ्यातच थबकले.

"मी दाबून धरलंय," बोर्बाला म्हणाली. "थांबलंय ते."

"थांबलं नाही, बोर्बाला," आम्ब्रुश म्हणाला. " दुसरीकडे वाट शोधतंय. कडं रचावं लागेल."

"घराभोवती? म्हणजे घर पाण्यात! या भिंतींची माती मार्तोननं पायांनी तुडवलीय, आम्ब्रुश. दुसरं काय उरलंय मला त्याचं?" मग आवाज उतरवून ती म्हणाली, "आणि खाली पाणीच आहे, हे तुला कोणी सांगितलं? मी रोज ऐकते. तो दार ठोठावल्यासारखं ठोठावतो. त्याला गारठा लागत असेल म्हणून उशा घातल्या."

आम्ब्रुशने मला ढिगाशेजारी ठेवले. वाटाणे टपटप उडू लागले. बोर्बाला गुडघ्यांवर बसली. इतक्या वर्षांत तिने मला कधी हात लावला नव्हता. आता तिने तळहात माझ्या कातड्यावर टेकवला, गोठ्यात वासराच्या कपाळावर टेकवावा तसा. मित्रांनो, माझ्यातले हंबरणे त्या क्षणी थांबले. मग खालची थरथर तेवढीच उरली, आणि ती तिच्या हातात शिरली.

मग तिने तो हात ढिगावरच्या दगडावर ठेवला.

"कोंडून ठेवलं मी त्याला," ती अखेर म्हणाली. "उचला तो दगड. त्याला मोकळं होऊ दे."

उशा तिनेच काढल्या, एकेक करून. काका मला बडवत गावभर धावले आणि लोक बाटल्या टाकून पोती घेऊन आले. घराभोवती कडे उभे राहिले. आत पाणी चढत गेले, खिडकीपर्यंत आले आणि स्थिरावले. आधी त्यात वाळू होती. मग ते नितळ झाले. बांध वाचला, गाव वाचले. कच्च्या विटांच्या भिंती मात्र पाण्यात आवाज न करता विरघळल्या. बोर्बाला बांधावर बसून ते शेवटपर्यंत पाहत राहिली.

त्यानंतर दर वसंतात माझ्यावर वाटाणे तीच टाकी. ती गेली. काका आणि आम्ब्रुशही गेले. गावात भोंगा आला आणि माझी रवानगी शाळेच्या कपाटात झाली. आता माझ्या कातड्यावर मुले उरलेसुरले खडू टाकतात. नदी फार वर्षे शांत आहे. बांधाखाली काय असते, हे आता कोणी विचारत नाही.

मित्रांनो, मला पुसून चकचकीत करा, असे मी म्हणत नाही. धुळीची मला सवय झाली आहे. पण यंदा पहाडांवर बर्फ फार पडले आहे, आणि काल त्यावर पाऊस झाला. माझे कातडे सैल पडले आहे. सकाळपासून हे खडू हलत आहेत.

कपाट उघडा. एकदा तळहात ठेवून पाहा.

त्यांतला एक खडू आता काठापर्यंत आला आहे.