न विचारता जुळवलेला सांधा

माझा नवरा वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगण्याच्या मनःस्थितीत मी नसेन. तो आवाज चढवत नाही, व्यसन कसलं नाही, आणि माझी कामं न सांगता करून टाकतो. या शेवटच्या गुणानेच माझा घात केला.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात, एकाच खोलीत बसतो. चादरी-पडद्यांवर छापायची नक्षी कॉम्प्युटरवर चौकोन चौकोन भरून काढतो. काढायचा एकच ठोकळा. तोच पुढे कापडभर शेजारी शेजारी छापला जातो. तो कुठे संपला आणि कुठे सुरू झाला, हे बघणाऱ्याला कळता कामा नये. कळलं, तर त्याला आम्ही सांधा म्हणतो, आणि सांधा दिसला की अख्खा तागा वाया.

स्वतःचा सांधा स्वतःला दिसत नाही. म्हणून खोलीत एक रीत आहे. फाइल पुढे पाठवण्याआधी दुसऱ्याला दाखवायची आणि त्याने चुकीपाशी लाल गोल करायचा. फक्त गोल. चौकोनाला हात लावायचा नाही. ज्याची नक्षी, त्यानेच ती दुरुस्त करायची. नवऱ्याला ही रीत मीच शिकवली होती, कारण या खोलीत मी त्याच्या आधीपासून आहे. त्याच्या फाइली तेव्हापासून मीच तपासते, आणि माझ्या लाल गोलाशिवाय त्यातली एकही सुटलेली नाही. तरीही साहेब त्याला नावाने हाक मारतात आणि मला ‘वहिनी’ म्हणतात.

खोलीच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा साहेबांनी सगळ्यांना एक कोडं दिलं. अर्धवट भरलेला ठोकळा होता. काळे-पांढरे चौकोन, मधून वळणं घेत जाणारी वेल, बाकी जागा कोरी. ती कोरी जागा अशी भरायची, की शेजारचा प्रत्येक ठोकळा अर्ध्याने खाली सरकवून ठेवला तरी वेल कुठेही तुटणार नाही. ज्याचं उत्तर बिनचूक, जागा त्याची.

मला ती जागा हवी होती. हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

आमच्या चादरी नेहमी सरळ मांडणीच्या असतात. उजव्या कडेला वेल जिथे संपते, त्याच ओळीत ती डाव्या कडेला सुरू झाली की काम झालं. इथे ते चालणार नव्हतं. उजवीकडे वरच्या अर्ध्यातून बाहेर पडलेली वेल डावीकडे खालच्या अर्ध्यात आत यायला हवी होती. मी मधल्या भागाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी चारी कडा बांधून घेतल्या, मग आत सरकले. दोनदा सगळं पुसलं. एका वळणापाशी तर एवढी वैतागले, की माउस आपटला आणि शेजारच्या दोघी दचकल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर ते वळण एका चौकोनाने उचललं, आणि एकदम सगळं बसलं. स्क्रीनभर वेल पसरली आणि मला माझाच ठोकळा शोधून सापडेना. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मग रीतीप्रमाणे आम्ही एकमेकांच्या फाइली तपासायला घेतल्या. त्याच्या ठोकळ्याची वरची कड खालच्या कडेला एका चौकोनाने चुकत होती. मी लाल गोल केला. त्याने ते दुरुस्त केलं.

“माझी बघितलीस?” मी विचारलं.

“बघितली, आणि पुढे पाठवूनही दिली. तू चहा घे निवांत.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांची उत्तरं भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावली. बिनचूक एकच होतं, नवऱ्याचं. माझ्या ठोकळ्यात वरपासून खालपर्यंत तुटक्या देठांची उभी रांग दिसत होती. मी पुढे जाऊन बघितलं. उजव्या कडेचे चौकोन माझे नव्हतेच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला हाताला धरून बाहेर काढलं. “माझ्या फाइलला हात लावलास?”

“अगं, कडा जुळत नव्हत्या. घाईत तुझी चूक झाली असेल म्हणून—”

“सरकवून बघितलंस का?”

त्याने नकारार्थी मान हलवली. स्वतःची फाइल त्याने सरकवून बघितली होती. माझी सरळ मांडणीतच उघडली, वेल तुटलेली दिसली, आणि आपण चुकीचं बघतोय की काय, ही शंका त्याला चाटूनही गेली नाही. मी चुकले असेन, हे मात्र लगेच पटलं.

“मी चांगल्यासाठीच केलं गं. आणि जागा आपल्याच घरात आली ना? तुला काय, मला काय.”

मी त्याला तसाच साहेबांच्या केबिनमध्ये नेला. “सांग त्यांना.”

त्याने सांगितलं. मान खाली घालून, पण सांगितलं. साहेब मोठ्याने हसले. “अहो वहिनी, नवरा बायकोचं सावरायला गेला आणि पडला तोंडावर! यात एवढं रागावण्यासारखं काय आहे? बरं, मान्य, तुमचंही बरोबर होतं. पण माझ्याकडे आलेली फाइल चुकीची होती. नियम म्हणजे नियम.”

“आता दुसरं सांग,” मी नवऱ्याला म्हटलं. “तुझ्या ठोकळ्यातली चूक कोणी दाखवली?”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. मी वाट बघितली. खरंच बघितली. त्या घटकेला तो खरं बोलला असता, तर मी सगळं सोडून दिलं असतं.

“तसं विशेष काही नव्हतं,” तो म्हणाला. “एक बारीकसा चौकोन होता. माझ्याही लक्षात आलाच असता.”

इतका वेळ माझा आवाज चढलेला होता. तो आपोआप खाली आला.

“ठीक आहे, साहेब. जागा त्यालाच द्या. पण आजपासून याच्या फाइली मी तपासणार नाही. एकही नाही.”

साहेब पुन्हा हसले. “घ्या! रुसल्या वहिनी!”

नवरा हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.