डाव्या तळहाताची जागा

बायको, सुकन्या, गेल्याचा फोन आला तेव्हा मल्लेश उदगीरच्या डाळ मिलमध्ये होता. घरघरीत धड ऐकू येईना, म्हणून त्यानं चाळणी बंद करायला लावली आणि पुन्हा विचारलं. छत्तीसगडच्या जंगलात तिच्या निमलष्करी दलाच्या तुकडीखाली सुरुंग फुटला होता. ओळख पटवायला तिचा भाऊ सोमेश गेला आणि चौथ्या दिवशी सीलबंद पेटी घेऊन आला.

लिंगायतांत माणसाला मांडी घालून बसवतात, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि मग माती देतात. सुकन्याचं इष्टलिंग शेवटच्या सुट्टीत घरीच राहिलं होतं. ते मुठीत धरून मल्लेश ज्याच्या त्याच्या पाया पडला. पेटी कुणी उघडू दिली नाही. ती आडवीच पुरली.

सव्वा वर्षानं सुकन्याला शौर्यपदक मिळालं. सोमेशनं रुद्रभूमीत, लिंगायतांच्या दफनभूमीत, तिच्या जागेवर सिमेंटचा चबुतरा बांधायला काढला.

"आधी एकदा उकरू," मल्लेश म्हणाला. "तिचं तिच्या हातात देतो. मग बांध काय बांधायचं ते."

"येडं लागलं का दाजी? पदकाच्या कार्यक्रमाला साहेबलोक इथं यायलेत."

कार्यक्रमाच्या दिवशी विटांचे चार थर झाले होते, बाजूला माल कालवून ठेवलेला. अधिकाऱ्यानं मानपत्र वाचलं. स्फोटात डावा हात मनगटापासून तुटून पडला, तरी सुकन्या उजव्या हातानं गोळ्या झाडत राहिल्या. दोघांना ठार केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मल्लेश शेजारच्या सोमेशकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

"हाव."

"हात पेटीत हाय का?"

"न्हाई. घावलाच न्हाई."

मल्लेशनं गवंड्याचं फावडं उचललं आणि दांडा सोमेशच्या तोंडावर हाणला. दोन दात पडले. सोमेश कालवलेल्या सिमेंटात उताणा पडला, तरी मल्लेश थांबला नाही; बरगड्यांवर, खांद्यावर, जिथं लागेल तिथं मारत सुटला. मग फावडं फिरवून त्यानं विटांचे थर फोडले आणि माती उकरू लागला. चार जवानांनी त्याला खाली दाबलं. त्याचं कपाळ विटेवर फुटलं.

सोमेश रक्त थुंकत रांगत त्याच्याजवळ आला. "आनखी मारा. पन तिला उकरू नका, दाजी. आत काय हाय ते म्या बघितलंय. तुमी नका बघू."

सोमेशनं पोलिसांत तक्रार दिली नाही. चबुतरा फुटला तसाच पडून आहे. मल्लेश रोज स्वतःच्या इष्टलिंगाबरोबर सुकन्याच्याही इष्टलिंगाची पूजा करतो. ते तिला द्यायचं राहिलं आहे.