नीट झालेला संगणक

मित्रांनो, तुमच्या सडपातळ लॅपटॉपांपुढे मी म्हणजे अडगळच. मी एक जुना संगणक. टेबलाखाली पायाला लागते ती काळी पेटी म्हणजे मीच. नवा होतो तेव्हा दुकानदाराने माझे तोंडभरून कौतुक केले होते. पुढे माझ्या पाठीवर मोजे वाळू लागले.

तरी घरातल्या तान्ह्या छकुलीच्या आईचा माझ्यावर जीव होता. तिचा मुंग्यांवरचा प्रबंध माझ्या पोटात होता. बाळंतपणात मागे पडलेला. आता मुदत वाढवून मिळाली होती, तीही शेवटची. छकुलीचा डोळा लागला की ती लिहायला बसे, एक कान पाळण्याकडे ठेवून. सुरू होताना मी ‘टीं’ करायचो आणि छकुली दचकून उठायची. म्हणून छकुलीच्या बाबांनी माझी आवाजाची वायरच काढून टाकली. मित्रांनो, ती माझी वाचा होती. आत काही बिघडले, तर कुठे दुखते ते मी त्या आवाजानेच सांगत असे.

मग एके सकाळी माझी मेमरीची पट्टी खाचेत सैल झाली. पंखा फिरे, दिवा लागे, पडदा मात्र काळाच. दुखणे साधे होते. बाबांनी पडद्याची केबल बदलली, प्लग बदलला, वर दोन चापट्याही दिल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

“हळू रे, माझं सगळं त्यात आहे,” ती म्हणाली.

“अगं, मुंग्या पळून कुठे जातील? गेल्याच तर रांगेने जातील.”

बाबा हसले. ती हसली नाही.

शेवटी मला दुकानात नेले. तिथे दुरुस्तीवाल्याने पट्टी काढली, तिची टोके खोडरबराने घासली, पुन्हा दाबून बसवली. मी लगेच जागा झालो. एवढ्यावर भागले असते. पण त्याने बाबांना फोन लावला.

“साहेब, चालू झालाय, पण फार रखडतोय. फॉरमॅट मारू का? आतलं सगळं जाईल. काही ठेवायचंय?”

“छे हो. बायको लेकीला गाणी दाखवते त्यावर. उडवा सगळं.”

संध्याकाळी बाबांनी मला जागेवर लावले. “बघ, कसा पळतोय.”

तिने एक फोल्डर उघडला. मग दुसरा. मग कचऱ्याची टोपली. सगळीकडे कोरे. तिने माझे बटण दाबून मला बंद केले, पुन्हा सुरू केले आणि पुन्हा तेच शोधले.

“माझा प्रबंध कुठे आहे?”

“तू अजून लिहीत होतीस?” बाबा खरोखरच गोंधळले. “मला वाटलं, ते केव्हाच सोडलंस.”

मुदत टळून गेली. आता माझ्यावर खरोखरच फक्त गाणी लागतात, आणि पाहुणे आले की बाबा सांगतात, जुना असून बघा कसा चालतो.

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्या, धूळ झटका, हे सगळेच सांगतात. मी म्हणतो, आतले काही उडवण्याआधी ते ज्याचे आहे त्याला विचारा. आपल्या घरातले माणूस काय करत बसते, एवढे तरी ठाऊक असू द्या. माझ्यासारखा संगणक कुठल्याही दुकानात नीट होतो.