पातीचं मीठ

गुरुवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना माझ्या सासूबाई, बानाबाई, गावाहून आल्या; मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचं गाव सिल्लोडच्या पुढं आहे. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्या दारासमोरच्या बादल्यांपाशी थांबल्या.

बजाजनगरात आमच्या घरापुढं चार फुटांची पट्टी आहे. तिथं रंगाच्या रिकाम्या बादल्यांत आम्ही कांदा आणि लसूण लावतो, कांद्यासाठी नाही, पातीसाठी. थंडीत पात कोवळी असते तेव्हा तिचं मीठ करायचं. पात धुऊन कोरडी करायची, खडेमिठाबरोबर वाटायची, ताटात पातळ पसरून तीन दिवस वाळवायची आणि पुन्हा बारीक करायची. माझा नवरा मल्हारी ते डब्याबरोबर नेतो. तो वाळूजला एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांवर, आहे. तिथले आठ जण सुट्टीत एकाच कागदाभोवती बसतात आणि ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. कुणाचा ठेचा, कुणाचं लोणचं. मल्हारीचं मीठ. या वर्षीची पहिली बरणी त्या दिवशी सकाळीच गेली होती.

"लिली कुनी कापली?" बानाबाईंनी विचारलं.

"लिली नाही कापली, आत्याबाई. कांद्याची पात कापली रविवारी."

"मग ही काय हाय?"

त्या एका बादलीकडं बोट दाखवत होत्या. बुंध्यापासून दोन बोटं वर, कात्रीनं सरळ कापलेले देठ होते. मी कॉलेजच्या बागेतून लिलीचा गड्डा आणला होता, पावसाळ्यात पांढरी फुलं येणारा. फुलं नसताना त्याची पानं बारीक कांदापातीसारखी दिसतात. ती बादली एरवी पायरीजवळ असायची. रविवारी पाण्याची टाकी धुताना मल्हारीनं सगळ्या बादल्या हलवल्या आणि परत मांडताना ही कांद्याच्या रांगेत आली असावी.

"मी प्रत्येक मुठीचा वास घेऊन कापलंय," मी म्हणाले. आजूबाजूला वाचलेलं एक पान तोडलं, बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं. लसणाचा वास होता. "बघा."

त्यांनी पानाकडं पाहिलंही नाही. "हात धू आधी."

मी भाजीसाठी लसूण ठेचत होते, तशीच उठून बाहेर आले होते. मी आत जाऊन साबणानं दोनदा हात धुतले, बाहेर येऊन दुसरं पान तोडलं. त्याला गवताचा वास होता. ते मधोमध चिरलं. कांद्याची पात आतून पोकळ असते. हे भरीव होतं.

रविवारी मी आधी लसूण कापला होता आणि मग कांद्याकडं वळले होते. त्या बोटांनी काहीही चोळलं असतं तरी लसणाचाच वास आला असता. मी बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. तुलनेसाठी ठेवायचा नियंत्रण नमुना म्हणजे काय, हे दर वर्षी फळ्यावर लिहून देते.

आत्याबाई कापायच्या तेव्हा प्रत्येक जुडीतलं एक पान चावून थुंकायच्या. त्यांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं, अनोळखी पाला त्या चाखल्याशिवाय कळपापुढं टाकत नसत. मागच्या वर्षी मीच त्यांना म्हणाले होते की असं उष्टं होतं, यापुढं मी कापत जाईन. त्यांनी तेव्हाच कात्री माझ्या हातात दिली होती.

"बरणी कुटं हाय?"

"यांच्या डब्याबरोबर गेली."

त्या पायरीवर बसल्या आणि लगेच उठल्या. "शेळीसुद्धा तोंड लावत नाय त्याला, मनकर्णा."

लिलीच्या पानात लायकोरिन असतं. त्यानं उलट्या होतात, चक्कर येते. वाळवून ते जात नाही. कंदात जास्त असतं, पानात कमी. किती कमी, ते मला माहीत नव्हतं. आदल्या दिवशी मी ते मीठ चिमूटभर चाखलं होतं आणि मला काही झालं नव्हतं, पण चिमूट हे काही माप नव्हे. शिवाय जेवून उठले की ते आठ जण पुन्हा प्रेसवर उभे राहणार होते. वरून येणाऱ्या साच्याखाली पत्रा सरकवायचा आणि हात मागं घ्यायचा, असं त्यांचं काम.

घड्याळात दहा वाजून सात मिनिटं झाली होती. पहिल्या शिफ्टची जेवणाची सुट्टी साडेदहाला होते. मोबाइल गेटवरच्या कप्प्यात ठेवावे लागतात, तरी मी मल्हारीला फोन लावला. रिंग वाजत राहिली.

"मी येते," आत्याबाई म्हणाल्या आणि गाडीवर मागं बसल्या.

मोरे चौकात ट्रक आडवा लागला होता. मी फुटपाथवरून गाडी काढली. आत्याबाईंनी माझा खांदा घट्ट धरला होता. गेटवर पोचलो तेव्हा दहा चोवीस झाले होते.

गेटवरच्या काकासाहेबांना मी ओळखत होते, मल्हारीचा विसरलेला डबा मी कधीतरी आणून द्यायचे. त्यांनी खिडकी सरकवली. "क्या भाभी, डबा राहिला वाटतं."

"डबा परत पाहिजे. मल्हारीला सांगा, जेवू नका. डब्यात एक पदार्थ खराब गेलाय."

"आमच्या डब्यात रोजच जातो." शेजारचा गार्ड हसला. काकासाहेबांना तेवढ्यानं उत्साह आला. "भाजी आंबली असंल तर टाकून देईल ना तो. त्याला नाक नाही का?"

"वासावरून कळणार नाही. प्रेस शॉपला फोन लावा."

"सुट्टीच्या टायमाला कोन उचलतंय? बसा ना, पंधरा मिनिटांनी लावतो."

आत्याबाई माझ्या पुढं झाल्या. "दादा, माझ्या हातनं झालं बघा. म्हातारीला दिसंना, भलताच पाला मिठात कुटला. पोरं खातील, बाबा. लवकर कर."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. मला वाचवायला त्या खोटं बोलत होत्या आणि क्षणभर मला ते हवंही होतं.

काकासाहेबांचा आवाज मऊ झाला. "मावशी, पाल्यानं काय होत नसतंय. जीव लहान नका करू. तुम्ही सावलीत बसा."

म्हाताऱ्या बाईच्या काळजीला सावली मिळाली, फोन मिळाला नाही. दहा सत्तावीस झाले होते.

"त्यांनी नाही केलं," मी म्हणाले. "मी कापलं, मीच वाटलं. मी केमिस्ट्री शिकवते, काकासाहेब, म्हणून सांगते. त्या मिठात विषारी पान आहे आणि आठ जण ते आत्ता खायला बसतील. मग प्रेसवर जातील. कुणाला चक्कर आली तर हात जाईल. हे मी तुमच्या रजिस्टरमध्ये सही करून लिहून देते."

शेजारचा गार्ड हसायचा थांबला. काकासाहेबांनी फोन उचलला, एक नंबर लावला, ठेवला, दुसरा लावला. मग फोन तसाच सोडून ते कँटीनच्या दिशेनं पळत सुटले. त्यांना मी आजवर खुर्चीतून उठलेलंही पाहिलं नव्हतं.

दहा एक्केचाळीसला मल्हारी बाहेर आला. हातात बरणी होती आणि बरोबर सुपरवायझर. मी बरणी उजेडात धरली. चौथा हिस्सा संपला होता.

"कुणी कुणी खाल्लं?"

"सगळ्यांनीच जरा जरा. रामकिसननं लई. तळहातावर घेऊन मुळ्यासंगं." तो माझ्याकडं बघत नव्हता. "मनकर्णा, तू काय केलंस?"

मी सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "बादल्या मी हलवल्या."

आम्हाला प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं. आठही जण दोन बाकांवर ओळीनं बसले. प्रेस बंद ठेवली होती. सुपरवायझर घड्याळ बघत होता, मीही बघत होते. त्याला लाइन कधी सुरू होते ते हवं होतं. मला तासभर शांत जायला हवा होता.

"मल्हारी," रामकिसन म्हणाला, "बायकोशी भांडण तुझं, मधी आम्हाला काहून घेतलं?"

बाकावर हशा झाला. मल्हारी हसला नाही. मी रामकिसनकडंच बघत होते. तिशीचा, सडपातळ, एका मिनिटात तीन गोष्टी बोलणारा. अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत तो बोलत होता. मग तो गप्प झाला आणि सारखी थुंकी गिळायला लागला.

"मळमळतंय का?"

"नाही वहिनी. उगं गरम होतंय."

त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मी बादली सरकवेपर्यंत तो ओकला. आत्याबाईंनी त्याचं कपाळ तळहातानं धरून ठेवलं, जनावराचं धरतात तसं, घट्ट. तो पुन्हा ओकला.

कंपनीच्या गाडीतून मी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं. मी पानाचं नाव सांगितलं, मीठ किती होतं, त्यात पात किती, त्यातली लिली अंदाजे किती, आणि हा अंदाज निम्म्यानं चुकू शकतो, हेही सांगितलं. वाचलेलं मीठ पुढं ठेवलं. त्यांनी सलाइन लावली आणि चार वाजेपर्यंत थांबायला सांगितलं. "भीतीनंही उलटी होते," ते म्हणाले.

"होते," मी म्हणाले. "पण आपण ते धरून चालू नये."

पहिल्यांदा नाडी मोजली तेव्हा एकशे आठ होती. दीड वाजता मल्हारीचा फोन आला. बाकीचे सात जण बरे होते, एकाचं पोट दुखत होतं, प्रेस सुरू झाली होती. त्यानं रामकिसनबद्दल विचारलं. मी म्हणाले, अजून सांगता येत नाही.

रामकिसननं डोळे उघडले. "घरी कळवू नका, वहिनी. बायको गावाहून पळत येईल."

"चार वाजता ठरवू."

तो बाटलीतून पडणाऱ्या थेंबांकडं बघत पडून राहिला. मग हळूच म्हणाला, "चव मात्र लई भारी होती."

त्याचं मनगट धरून घड्याळाच्या काट्याबरोबर पूर्ण एक मिनिट मोजलं. शहाण्णव भरली. कागदावर वेळ लिहून मी पुढचा अर्धा तास मोजायला बसले.