आधी आवाज

"आधी आवाज सांभाळ, एल्स्पा. चित्र गेलं तर गेलं."

आमच्या बेटावरून तिला हेलिकॉप्टरमध्ये चढवताना माझी बहीण दुरिता एवढं बोलली आणि लगेच मेंढीकडे वळली. काळी मेंढी पहिलटकरीण आहे, आज-उद्या व्यायची आहे, रविवारची प्रार्थना झाली की लगेच वर टेकडीवर जाऊन बघ, उद्यावर टाकू नकोस. दोन्ही गोष्टींना मी हो म्हटलं. सकाळचं स्तोत्र वाचल्याशिवाय मी पाणीसुद्धा घेत नाही, हे तिला ठाऊक आहे. माझं हो तिला पुरतं.

कोपनहेगनच्या डॉक्टरांनी रविवार पाहिला नाही. आमची प्रार्थना चालू असतानाच तिला हृदयाच्या शस्त्रक्रियेला आत नेणार होते. भूल देण्याआधी तिला आपलं देऊळ, म्हणजे आमच्या चर्चची मंडळी, गाताना ऐकायचं होतं. नर्स तिच्यासमोर फोन धरून बसणार होती. बस, एवढंच मागणं.

देवळाच्या वरच्या सज्ज्यात थेट प्रक्षेपणासाठी कॅमेरा आणि संगणक घेऊन मी बसले होते. शुक्रवारी रिकाम्या देवळात सगळं तपासलं होतं. दर सेकंदाला किती माहिती पाठवायची तो आकडा, म्हणजे बिटरेट, मी चांगला चढा ठेवला होता. वेदीवरची फुलंसुद्धा स्पष्ट दिसत होती.

घंटा थांबली. पाद्री आमच्याकडे महिन्यातून एकदा येतात. त्या दिवशी नेहमीप्रमाणे गावातले वाचक हानुसच प्रवचन वाचायला उभे राहिले. आणि पडद्याच्या कोपऱ्यातला, प्रक्षेपण नीट पोचतंय हे सांगणारा हिरवा ठिपका लाल झाला.

नर्सचा निरोप आला: चित्र थांबलं, आवाज तुटतो आहे.

बिटरेट निम्म्यावर आणला. वाटेत गळणाऱ्या फ्रेमचा, म्हणजे चित्राच्या तुकड्यांचा, आकडा वाढतच राहिला. चित्र लहान केलं. मग वाटलं, संगणकालाच दम लागला असेल, म्हणून एन्कोडिंगचं, म्हणजे पाठवण्यासाठी चित्र दाबून बसवायचं, काम सगळ्यात हलकं केलं. पण संगणक स्वस्थ होता. माल तयार होत होता, पुढची वाटच अडली होती. देवा, मी मनात म्हटलं, ती तिथे तुटके शब्द ऐकत पडली आहे, आणि तिला आत न्यायला आता थोडाच वेळ उरलाय.

बिटरेट आणखी उतरवला. तरी लालच.

तेव्हा मी कठड्यावरून खाली पाहिलं. बाकाबाकांवर फोन उजळले होते. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की गाव शुभेच्छा पाठवतं; पूर्वी रेडिओवरून, आता फोनवरून. सगळं गाव दुरिताला देवळातून आपापले व्हिडिओ पाठवत होतं. माझ्या यंत्राचं इंटरनेट त्याच एका टॉवरवरून जात होतं, टेकडीवरच्या. आमच्याच मायेनं तिच्याकडे जाणारा आवाज अडवला होता.

प्रार्थनेत मी उभ्या आयुष्यात कधी जागा सोडलेली नाही. तरी उठले आणि जिना उतरले. म्हाताऱ्या बिल्लाच्या बाकापाशी कुजबुज ऐकू आली. आपलं तोंड बघून दुरिताला धीर येईल, असं बिल्ला म्हणत होती; शेजारची सुन्ना म्हणाली, तुझं तोंड बघून डॉक्टरच पळतील, पाठव लवकर.

मधल्या वाटेनं मी हानुसपर्यंत गेले. ते वाचता वाचता थांबले.

"काय झालं, एल्स्पा? गेली का ती?"

"नाही. तिला ऐकू येत नाही. सगळ्यांनी फोन बंद करायला हवेत. पूर्ण बंद."

हानुसनी पुस्तक मिटलं. प्रवचन अर्धंच राहिलं. "फोन बंद करा," ते शांतपणे म्हणाले. "दुरिताला तुमची तोंडं नकोत, गळे हवेत. उभे राहा."

मी वर पोचेपर्यंत गाणं सुरू झालं होतं, आमचं ते जुनं, संथ, समुद्र ओसरावा तसं. ठिपका हिरवा झाला. वाट मोकळी झाली होती. चित्र पुन्हा मोठं करावं, तिला चेहरे नीट दिसावेत, असं फार वाटलं. हात आकड्यापर्यंत गेलासुद्धा. मग तिचं बोलणं आठवलं आणि मी हात मांडीवर घेतला. चित्र धूसर राहिलं. तिसरं कडवं संपेपर्यंत मी ठिपक्याकडे बघत होते.

नर्सनं लिहिलं: स्वच्छ ऐकू येतं आहे. त्या डोळे मिटून ओठ हलवत आहेत.

शेवटच्या कडव्याआधी पुढचा निरोप आला: आत नेलं.

त्यानंतर काही नाही. प्रार्थना संपली, मंडळी कॉफीकडे वळली. बिल्लानं खुणेनं विचारलं. मी मान हलवली, अजून कळलं नाही. यंत्र बंद केलं. फोन कोटाच्या खिशात ठेवला, दाराशी देवळातले बूट काढले, रबरी बूट चढवले आणि काळ्या मेंढीकडे टेकडी चढायला लागले.