गायरानात कोणी जात नाही

सिंधुबाईनं त्या दिवशी शेळ्या सोडल्याच नाहीत. बोरीचा पाला तोडून त्यांच्या वाड्यात टाकला, तोंडाला काटेरी झाप पुन्हा लावला आणि पदराला हात पुसले. शेळ्या ओरडायला लागल्या तशी ती म्हणाली, "गप ऱ्हा गं. तुमच्यासाठीच भांडाया चालले."

भांडण गायरानाचं होतं. देवळ्याच्या रस्त्याला लागून गावाची पंचवीस एकर मुरमाड जमीन होती. बोरी, हिवर आणि कुसळ सोडलं तर तिथं काही उगवत नव्हतं. ती सोलरच्या प्लेटांना द्यायची का नाही, हे आज ग्रामसभेत ठरणार होतं. सिंधुबाईच्या बावीस शेळ्या तिथं चरत आणि घरामागचा वाडाही त्याच गायरानाच्या कडेला, आतल्या अंगाला होता. शेळ्या गेल्या की या वयात बाईनं करायचं काय?

शेखर, तिचा थोरला, वाफ्यांवरून नुकताच आला होता. रात्रपाळीची लाइट, म्हणजे रातभर कांद्याला पाणी. डोळे लाल, गुडघ्यापर्यंत चिखल.

"आई, सभेत आडवी येऊ नको," तो ओट्यावर टेकत म्हणाला. "प्लेटा आल्या की दिवसा लाइट मिळंल. परवा बिबट्या बांधावर बसेल होता, तुला सांगितलं का मी?"

"नाय सांगितलं."

"सांगून तू झोपली असती का?"

ती तशीही झोपत नव्हती. त्याची बॅटरी वाफ्यांतून हलताना दिसते का, ते दारातून बघत बसायची. म्हणून तिनं मनाशी ठरवलं होतं की प्लेटांना नाही म्हणायचंच नाही. वाड्याकडची पाच एकर तेवढी सोडा म्हणायचं. वीस एकर का थोडं झालं?

सभा मारुतीच्या पारापुढं भरली. सरपंच हर्षाली हातात माइक धरून होती आणि शेजारी तालुक्याचे साहेब. माणसं बरीच जमली होती, एवढी तर टँकरलाही जमत नाहीत. सिंधुबाई उठली आणि पाच एकराचं बोलली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, फाइल उघडली आणि एक कागद वाचला.

"'सदर गायरान पडीक असून चराईसाठी किंवा अन्य कारणासाठी गावातील कोणीही त्याचा वापर करत नाही.' हा चार वर्षांपूर्वीचा पंचनामा. खाली बेचाळीस सह्या आणि अंगठे. आजी, यात तुमचाही अंगठा आहे."



चार वर्षांपूर्वी अतिक्रमणं काढणार अशी आवई उठली होती, तेव्हाचा हा पराक्रम. सगळ्यांचंच काही ना काही गायरानात सरकलेलं. कोणाचा उकिरडा, कोणाचा गोठा आणि सिंधुबाईच्या चुलत दिराची, खंडेरावाची, सत्तर फुटांची कांदाचाळ. खंडेरावानंच तोड काढली होती. गावानं एकच बोलायचं, गायरानात कोणी जात नाही. त्यानं चाळीभोवती कडबा रचून तिची गंज केली. तलाठी पाहणीला आला त्या दिवशी सिंधुबाई दिवसभर शेळ्या घेऊन डोंगरापलीकडं उन्हात बसली आणि संध्याकाळी येऊन अंगठा उठवला. तलाठ्याला उल्लू बनवलं म्हणून गाव आठवडाभर हसत होतं.

"मग आता सांगा," साहेब म्हणाले, "तिथं कोण जातं?"

खंडेराव हळूच सिंधुबाईच्या मागं सरकला. "वहिनी, खाली बसा. तुमचं निघालं तं समद्यांचं निघंल."

"भाऊजी, तुमची चाळ वाचंल. माझ्या शेळ्या कुठं न्यू?"

"बघू ना नंतर. गावात ऱ्हायचं हाय ना आपल्याला?"

तिनं शेखरकडं पाहिलं. तो मान खाली घालून नखातला चिखल काढत होता. तिला त्याचा राग आला नाही. सगळ्या गावाचा मात्र आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्या दिवशी शेळ्या हाकून नेताना आपले पाय अडले कसे नाहीत?

"मी जाते," ती म्हणाली. "लिहा साहेब. तव्हा मी खोटं बोलले. माझ्या बावीस शेळ्या तिथं चरतात आन् माझा वाडा बी तिथंच हाय. बाकीच्यांचं त्यांना इचारा."

साहेबांनी लिहून घेतलं. बाकीच्यांना विचारलंही. एकानंही कबूल केलं नाही. मग हर्षालीनं प्लेटांना हो म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितले आणि हात वर झाले. शेखरचा सगळ्यात शेवटी झाला, पण झाला. पंचवीसच्या पंचवीस एकर गेली.

पारावरून उतरताना हर्षाली तिच्याजवळ आली. "काकू, माझ्या हातात काय नव्हतं हो."

"माइक व्हता की," सिंधुबाई म्हणाली आणि चालू लागली.

महिन्याभरानं मोजणी झाली. खंडेरावाची चाळ कशी कोण जाणे, हद्दीच्या बाहेर निघाली. उकिरडे, गोठे कोणाच्या नजरेला पडले नाहीत. आणि एका दुपारी ग्रामपंचायतीचा शिपाई सिंधुबाईच्या ओट्यावर नोटीस ठेवून गेला. सबंध गावात ती एकच नोटीस.

शेखरनं उभ्यानं वाचली. "'आपण स्वतः ग्रामसभेत कबूल केल्याप्रमाणे... सात दिवसांत वाडा काढून घ्यावा...'" पुढं त्याला वाचवेना. "आई, तू बोललीच नसती तं..."

"नाव कोणाचं टाकलंय?"

"तुझंच. सिंधुबाई दगडू, पुढं आडनाव, सगळं पूर्ण."

"आन् गावातलं दुसरं कोणाचं?"

"नाय. तुझं एकटीचंच."

"बरं झालं," ती म्हणाली. "पंचवीस एकर गेली, पर तिथं कोणीतरी व्हतं, हे कागदावर आलं." मग तिनं कोयता उचलला आणि वाड्याचा पहिला काटा उपसायला घेतला. शेखर दुसऱ्या बाजूनं उपसू लागला.